चुलीपाशी कोणी नसताना

टर्की या मोठ्या पक्ष्याच्या छातीचे मांस विजेवर तापणाऱ्या मातीच्या भांड्यात झाकण घालून पाच-सहा तास मंद आचेवर ठेवणे, आणि तेवढ्या वेळात घरातील माणसांनी आपापल्या कामाला निघून जाणे, ही पद्धत अमेरिकी स्वयंपाकघरात आता इतकी सरावाची झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या एका पदार्थात दोन निरनिराळे इतिहास एकमेकांना येऊन मिळाले आहेत. त्यांपैकी भांड्याचा इतिहास ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसापासून सुरू होतो, तर पक्ष्याचा इतिहास मेक्सिकोत सुरू होऊन स्पेन, इंग्लंड आणि काही अंशी गोवा अशा वाटांनी फिरतो. आणि दोन्ही एकत्र येतात ते विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, अमेरिकेत. स्लो कुकर या नावाने ओळखले जाणारे हे भांडे मांस मऊ कसे करावे या विचारातून जन्मलेले नाही. स्वयंपाक करणाऱ्याला चुलीपाशी थांबता येत नसेल, किंवा थांबण्याची मुभाच नसेल, अशा वेळी घरातल्यांना ऊन अन्न कसे मिळावे, या फार जुन्या अडचणीचे ते उत्तर आहे.

ही अडचण सर्वांत नेमकेपणाने मांडली गेली ती ज्यू धर्मशास्त्रात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पाळल्या जाणाऱ्या शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी अग्नी पेटवू नये अशी आज्ञा तोरा या ग्रंथात आहे, आणि स्वयंपाक करणे हेही त्या दिवशी निषिद्ध कर्मांत मोडते. मात्र रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार आचार्य, यांनी या आज्ञेचा अर्थ असा लावला की शब्बाथ लागण्यापूर्वी पेटवलेला अग्नी आपोआप जळत राहिला तर त्यात दोष नाही, आणि त्यावर आधीच चढवलेले अन्न गरम राहिले तर ते खाण्यासही हरकत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत शब्बाथवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याचा चौथा अध्याय अन्नाचे भांडे कशात गुंडाळून ठेवावे व कशात ठेवू नये याच प्रश्नाला वाहिलेला आहे. शेणखत, चुना, मीठ, वाळू यांत भांडे पुरू नये. कपडे, धान्य, कबुतराची पिसे किंवा सुताराचा भुसा यांत गुंडाळले तर चालते. या यादीमागचा भेद भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटेल असा आहे, कारण पहिल्या गटातील वस्तू भांड्याच्या उष्णतेत भर घालतात असे मानले गेले, आणि दुसऱ्या गटातील वस्तू आहे ती उष्णता केवळ धरून ठेवतात. भांडे अशा रीतीने वेष्टनात झाकून ठेवण्याला ‘हत्मना’ अशी संज्ञा आहे, आणि या भांड्याच्या इतिहासात ती पुन्हा भेटणार आहे.

अग्नी विझवूनच शब्बाथ पाळावा असे मानणारा कराई नावाचा पंथ मध्ययुगात बळावला, तेव्हा शनिवारी दुपारी ऊन अन्न खाणे ही रब्बींच्या परंपरेवरील निष्ठेची खूण ठरली, इतकी की जो ते खात नाही त्याच्या श्रद्धेविषयी शंका घ्यावी असे बाराव्या शतकातील काही आचार्यांनी लिहून ठेवले. त्यामुळे ज्यू वसाहती जेथे जेथे होत्या तेथे रात्रभर शिजणाऱ्या पदार्थांची एक वेगळीच पाककला वाढीस लागली. हिब्रूत ऊन या अर्थाच्या शब्दावरून त्याला हमीन म्हणत. स्पेनमध्ये अदाफिना हे नाव होते, जे पुरलेले या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले. आणि फ्रान्स, जर्मनी व पूर्व युरोपात त्याच पदार्थाला चोलेंट म्हणू लागले. स्पेनमध्ये धर्मन्यायालयाचा अंमल सुरू झाल्यावर, शुक्रवारी चढवलेले आणि शनिवारी उतरवलेले भांडे हा बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांवर गुप्तपणे जुना धर्म पाळत असल्याचा आरोप ठेवण्यास पुरेसा पुरावा मानला जाई. मंद आचेवर ठेवलेल्या एका भांड्यामुळे माणसांना कैदेत जावे लागावे, ही गोष्ट या इतिहासात विसरता येण्यासारखी नाही.

या परंपरेचा महाराष्ट्राशी असलेला संबंधही खरा आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल हे तेल गाळण्याचा व्यवसाय करीत, आणि शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. म्हणून अलिबागच्या परिसरातील शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. शब्बाथची ओळख येथे देवळावरून किंवा ग्रंथावरून नव्हे, तर थांबलेल्या घाण्यावरून झाली, हे त्या नावाचे वैशिष्ट्य. पुढे एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले ज्यू मुंबई आणि कोलकाता येथे स्थायिक झाले, आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेले डेव्हिड ससून हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध व्यापारी. बगदादी ज्यूंचा शब्बाथचा पदार्थ म्हणजे तबीत, ज्यात मसाला लावलेला तांदूळ कोंबडीच्या पोटात आणि भोवतीही भरून भांडे शुक्रवारी संध्याकाळपासून रात्रभर अगदी मंद आचेवर ठेवतात. आख्खा पक्षी, घट्ट झाकण आणि चुलीपाशी कोणी नाही, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. म्हणजे टर्कीचे मांस स्लो कुकरमध्ये जाण्याच्या कितीतरी आधी या प्रकारच्या स्वयंपाकाचे तंत्र पूर्ण झालेले होते.

पूर्व युरोपातील गावांत रात्रभर सरपण जाळणे गरीब घरांना परवडत नसे. त्यामुळे शुक्रवारी दुपारी घरोघरचे चोलेंटचे मडके, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, सातूचे तांदूळ, बटाटे आणि जमेल तेवढे मांस भरून, गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवले जाई. आठवड्याचा पाव भाजून झालेला असे, भट्टीत नवे लाकूड घातले जात नसे, आणि विटांच्या भिंतींत साठलेली धग उतरत उतरत दुसऱ्या दिवसापर्यंत पुरे. जुन्या मराठी घरांतील मातीच्या चुलीला मुख्य तोंडाच्या शेजारी वैल असे, आणि मुख्य जाळाची उरलेली धग त्यावर ठेवलेल्या दुधाला पुरत असे; पाववाल्याची भट्टी ही सबंध गावाची वैलच होती असे म्हटल्यास तिचे काम चटकन ध्यानात येईल.

लिथुआनियातील व्हिल्ना, म्हणजे आजचे विल्नियस, येथील ही भट्टी एका आईच्या आठवणीतून अमेरिकेत पोहोचली. १९०२ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेले आयर्विंग नाखुमसोन हे पुढे शिकागोत विद्युत अभियंता झाले. आपण लहान असताना शब्बाथ लागण्याआधी मडके घेऊन भट्टीवर कसे जात असू हे त्यांच्या आईने त्यांना सांगितले होते, आणि हाच आपल्या शोधाचा उगम असल्याचे ते सांगत. त्यांनी १९३६ मध्ये एका विजेच्या भांड्यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि जानेवारी १९४० मध्ये त्यांना ते मिळाले. त्या भांड्याची रचना पाहिली की भट्टीचे स्मरण कोठे दडले आहे ते दिसते. साध्या विजेच्या शेगडीत तार भांड्याच्या बुडाखाली असते, त्यामुळे तळ करपतो आणि पदार्थ हलवण्यासाठी कोणीतरी जवळ असावे लागते. नाखुमसोन यांनी उष्णता देणारी तार बाहेरच्या आवरणात, आतल्या भांड्याच्या भोवताली फिरवली, त्यामुळे धग सर्व बाजूंनी आणि सावकाश येऊ लागली. भट्टीच्या विटा जे काम करीत तेच आता ही तार करू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणारे आडनाव अडचणीचे ठरू लागल्याने त्यांनी ते बदलून नॅक्सन असे केले, आणि हे भांडे ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने, म्हणजे प्रामुख्याने घेवड्याचे दाणे शिजवण्याचे साधन म्हणून, विकले गेले.

दाणे शिजवण्याचे भांडे अमेरिकेत परके वाटण्याचे कारण नव्हते. न्यू इंग्लंड या ईशान्येकडील प्रदेशातील प्युरिटन ख्रिस्ती आपला शब्बाथ शनिवारच्या सूर्यास्तापासून पाळत, आणि त्यांच्याकडेही शनिवारी मातीच्या भांड्यात काकवी व खारवलेले डुकराचे मांस घालून दाणे भट्टीत ठेवण्याची रीत होती. काही ठिकाणी पाववाला घरोघरची भांडी गोळा करून नेई. बॉस्टन शहराचे दाण्यांवरून पडलेले टोपणनाव याच रीतीची आठवण आहे. व्हिल्ना आणि बॉस्टन यांचा परस्परांशी काही संबंध नसताना दोन्हीकडे एकच उपाय सापडावा, यातून धर्माने घातलेली मनाई माणसाच्या कल्पकतेला किती चालना देते हे दिसते. याखेरीज १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली, उकळते भांडे आत बंद करून ठेवण्याची जाड अस्तराची पेटीही लोकांनी पाहिली होती, आणि पहिल्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी अशा पेट्यांचा बराच प्रचार झाला.

तरीही नॅक्सन यांचे भांडे तीस वर्षे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. १९७० मध्ये त्यांनी निवृत्त होताना आपला व्यवसाय कॅन्सस सिटी येथील रायव्हल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीला विकला, आणि त्या कंपनीच्या दृष्टीनेही हे भांडे त्या व्यवहारातील किरकोळ वस्तू होती. कंपनीच्या चाचणी स्वयंपाकघरातील पाककला तज्ज्ञांनी त्यात दाण्यांऐवजी मांस, कोंबडी, रस्से असे एकेक पदार्थ करून पाहिले, तेव्हा त्याची खरी योग्यता समोर आली. नवे रूप आणि ‘क्रॉक-पॉट’ हे नवे नाव देऊन १९७१ मध्ये ते शिकागोतील गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मांडले गेले. गृहिणी दिवसभर बाहेर असली तरी स्वयंपाक होत राहतो, हे जाहिरातींचे मुख्य सूत्र होते. त्या वर्षी सुमारे वीस लाख डॉलरची असलेली विक्री १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाख डॉलरवर गेली, आणि त्याच वर्षी मेबल हॉफमन यांचे ‘क्रॉकरी कुकरी’ हे पाककृतींचे पुस्तक निघून त्याच्या लाखो प्रती खपल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कमी विजेवर चालणारे साधन लोकांना हवेच होते. पण त्याहून मोठे कारण असे की १९७० मध्ये अमेरिकेतील सुमारे ४३ टक्के स्त्रिया नोकरी-व्यवसायात होत्या आणि १९८० पर्यंत ते प्रमाण ५१ टक्क्यांपुढे गेले. पूर्वी शब्बाथने स्त्रीला चुलीपासून दूर राहण्यास सांगितले होते, आता कचेरीच्या वेळेने ते सांगितले. फरक एवढाच की शब्बाथच्या दिवशी तिला विश्रांती मिळत असे. कचेरीतून आल्यावर मात्र स्वयंपाकाची जबाबदारी तिचीच राहिली, आणि भांड्याने ती थोडी हलकी केली, वाटून दिली नाही. ही गोष्ट त्या काळच्या जाहिरातींत कोठेही आढळत नाही, पण इतिहासाने ती नोंदवली पाहिजे.

आता पक्ष्याकडे वळावयाचे. टर्की हा पक्षी मेक्सिकोतील लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाळीव केला, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तो नेमका कोठला हे युरोपात कोणालाच नीट कळले नाही, याची साक्ष त्याची नावेच देतात. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ म्हटले, फ्रेंचांनी ‘हिंदुस्थानचा’ या अर्थाचे ‘दँद’ हे नाव दिले, डच लोकांनी मलबारातील कालिकत बंदरावरून ‘काल्कून’ म्हटले, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, जो शब्द मराठी वाचकाला एका फळाचा म्हणून ठाऊक आहे. जो पक्षी भारतात कधीच नव्हता त्याला निम्म्या युरोपाने भारताचे नाव द्यावे, आणि पुढे तो खरोखरच भारतात यावा तो पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे, असा हा प्रवास आहे. १६१२ मध्ये खंबायतचा मोगल अधिकारी मुकर्रब खान याला बादशहा जहांगीराने दुर्मीळ वस्तू आणण्यासाठी गोव्याला पाठवले, आणि त्याने आणलेल्या प्राण्यांत हा पक्षी होता. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन फार बारकाईने केले आहे: तो लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान आहे, आणि माजावर आला की त्याच्या डोक्यावरील व गळ्यावरील मांसल भाग कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, तर कधी निळा होतो, असे त्याने नोंदवले. चित्रकार मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दरबाराने त्या पक्ष्याकडे नवल म्हणून पाहिले. जेवणाचा पक्षी म्हणून त्याला मोठेपण आले ते दुसरीकडे.

इंग्लंडमध्ये टर्की सणाच्या जेवणात रुळला, वसाहतकऱ्यांबरोबर पाळीव टर्की अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकेत आला, आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना नोव्हेंबरातील कृतज्ञता दिन राष्ट्रीय पातळीवर पाळण्याचे आवाहन केल्यानंतर तो त्या दिवसाचा मुख्य पदार्थ ठरला. या सणाचा पक्षी आख्खाच भाजला जाई, आणि कुटुंब जितके मोठे तितका पक्षी मोठा. विसाव्या शतकात कुटुंबे आणि घरांतील ओव्हन दोन्ही लहान झाले, तेव्हा मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्राने १९३० च्या दशकात मुद्दाम लहान आकाराचा पांढरा टर्की तयार केला. काही वर्षे त्याचा खप चांगला होता. पुढे मात्र व्यवसायाने उलट मार्ग धरला: पक्षी लहान करण्याऐवजी तो प्रचंड मोठा, विशेषतः छातीने रुंद, करावयाचा आणि मग त्याचे तुकडे करून विकावयाचे. रुंद छातीच्या पांढऱ्या जातीने इतर सर्व जाती मागे टाकल्या. या जातीच्या नराची छाती इतकी भरलेली असते की त्याला नैसर्गिक रीतीने मीलन करता येत नाही आणि सर्व पैदास कृत्रिम रेतनानेच करावी लागते. जेवणाच्या ताटातील एका तुकड्यासाठी एका प्राण्याच्या शरीरात केलेला हा बदल साधा नाही, आणि छातीच्या मांसाचा इतिहास लिहिताना त्यावरून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९७० मध्ये अमेरिकेत दरवर्षी माणशी सुमारे ८ पौंड टर्की खाल्ला जाई आणि त्यातील साधारण निम्मा सणासुदीच्या दिवसांत. १९९० च्या दशकात हे प्रमाण १७ पौंडांच्या पुढे गेले. वाढ झाली ती आख्ख्या पक्ष्यामुळे नव्हे, तर वर्षभर मिळणाऱ्या छातीच्या तुकड्यांमुळे आणि खिम्यामुळे. दोन-तीन किलोंची हाडासकट छाती चार-पाच माणसांच्या घराला पुरते, ओव्हन अडकवून ठेवत नाही आणि लंबगोल स्लो कुकरमध्ये नेमकी बसते. क्रॉक-पॉट आणि कापलेला टर्की एकाच दशकात घरोघर पोहोचल्यावर ते एकमेकांना भेटले यात नवल नाही.

ही भेट मात्र सोपी नव्हती, कारण मंद आचेचे भांडे मुळात वेगळ्या मांसासाठी होते. चोलेंटमध्ये पडणारे मांस म्हणजे गुरांच्या छातीचा किंवा नळीचा चिवट, स्वस्त भाग. त्यातील कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू, कित्येक तासांच्या ओल्या उष्णतेने विरघळून रस्सा दाट होतो आणि मांस सुटे होते. टर्की हा जमिनीवर चालणारा पक्षी असल्याने त्याच्या मांडीत असे तंतू भरपूर असतात, छातीत अगदी थोडे. त्यामुळे मांडी आठ तास ठेवली तरी रसाळ राहते, पण छाती तेवढा वेळ ठेवली तर विरघळण्यासारखे काही नसल्याने नुसते पाणी निघून जाते आणि कोरडा चोथा उरतो. अनुभवी हात म्हणूनच भांड्याच्या तळाशी कांदा आणि सेलरीचे जाड काप पसरतो, छाती त्यावर कातडीची बाजू वर करून ठेवतो, मीठ, लसूण, थाइम आणि लोणी कातडीखाली चोळतो, आणि पाणी जवळजवळ घालतच नाही. मांसातून सुटलेली वाफ झाकणाला लागून थेंब होते, काठाशी जमून झाकण बसवते आणि उरलेली पुन्हा खाली पडते. झाकण वारंवार उघडले तर ही साखळी तुटते आणि भांडे पुन्हा तापायला बराच वेळ घेते. कातडी मात्र फिकट आणि मऊच राहते, म्हणून शेवटी काही मिनिटे वरच्या जाळाखाली धरून तिला रंग आणावा लागतो.

मंद आचेला आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे पक्ष्याचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोहोचले पाहिजे, आणि ४ ते ६० अंश या टप्प्यात ते फार वेळ राहू नये, कारण त्याच उबेत जंतू वाढतात. म्हणून गोठलेला तुकडा तसाच भांड्यात घालू नये, आणि आख्खा टर्की तर मुळीच नाही, असे ते खाते बजावते. गाभ्यापर्यंत धग पोहोचण्यास लागणारा वेळ धोक्याचा असतो. नॅक्सन यांनी ज्या दाण्यांसाठी भांडे केले त्यांनाही हेच लागू आहे. राजम्यातील विषारी घटक उकळत्या पाण्यातच नष्ट होतो, आणि मंद आच तेवढी तापत नसल्याने राजमा आधी उकळून मगच या भांड्यात घालावा लागतो. व्हिल्नाच्या भट्टीत ही अडचण येत नसे, कारण ती प्रखर तापलेली असताना भांडी आत जात आणि धग वरून खाली उतरत येई. स्लो कुकरमध्ये ती थंडीतून वर चढते. जुन्या रीतीची नक्कल करताना उष्णतेची दिशा उलटी झाली होती.

भांडे अमेरिकेत रुळल्यावर ते पुन्हा ज्यू घरांत आले, आणि तेथे त्याच्यासमोर मिश्नाच्या चौथ्या अध्यायातील जुनाच प्रश्न उभा राहिला. बुडापासून काठापर्यंत चारही बाजूंनी तापणाऱ्या आवरणात भांडे ठेवणे म्हणजे त्याला उष्णता वाढवणाऱ्या वस्तूत गुंडाळणे नव्हे काय, आणि तसे असेल तर हत्मनाचा निषेध स्लो कुकरला लागू होतो काय, यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस रब्बींमध्ये गंभीर वाद झाला. काहींनी ते चालते असा निर्णय दिला, काहींनी आतले भांडे आवरणाच्या काठाबाहेर थोडे दिसले पाहिजे अशी अट घातली. ही अट पाळणाऱ्या घरांत शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावण्यापूर्वी, अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन-चार गोळे करून कुकरच्या तळाशी ठेवतात, त्यावर मातीचे भांडे बसवतात, आणि ते बोटभर वर आले आहे याची खात्री करून झाकण लावतात.